गाडीवानाच्या लेकीची मात्रा

बाबा,

तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. तुम्ही गेलात त्या वयाचा आज मी झालो. कापसाचा भाव चढला होता ते दिवस हल्ली फार आठवतात. सगळा वऱ्हाड गाड्या जुंपून अमरावतीला येत होता आणि वाटेत आजारी पडलेली माणसं आपल्या ओसरीवर. मी विशीतला, तुमच्या हाताखाली वैद्यकी शिकणारा. कोणत्या वयाला कोणत्या औषधाची किती मात्रा, सगळं मला पाठ होतं आणि त्याचा ताठाही होता.

त्या दुपारी तुम्ही आत जेवायला बसला आहात. अकोल्याकडचा एक गाडीवान लेकीला खांद्यावर टाकून येतो.

"पोट फुगून राहिलं जी पोरीचं. तीन दिवस झाले."

मी वय विचारतो. सहावं लागलं, म्हणतो. मी लगेच जुलाबाचं औषध तोलतो, मधात कालवतो. बोट तिच्या ओठांपाशी नेलं, तोच तुम्ही उष्ट्या हातानं बाहेर येऊन माझं मनगट धरलंत.

"किती घेतलं?"

"सहा वर्साले लागते तेवढं. पाठ हाये मले."

"पाठ हाये. पोरगी पाहिली का?"

मग मी पाहिली. तिचा दंड माझ्या दोन बोटांत मावत होता. अंगानं ती तीन वर्षांचीही नव्हती. तुम्ही तिला मांडीवर घेतलंत, पोट चाचपलंत, वाटेत काय खाल्लं ते तिलाच विचारलंत. भूक लागली म्हणून तिनं गाडीतली सरकी चघळली होती. तुम्ही माझं चाटण बाजूला सारलंत आणि तिला घोट घोट ओव्याचं कोमट पाणी पाजत संध्याकाळपर्यंत तिथंच बसलात. चौथ्या दिवशी ती बापाचं बोट धरून चालत आली.

त्या दुपारनंतर दोन दिवस मी रागानं औषधांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तुम्हीच म्हणालात, "पाठ करनं सोडू नको. पन किती द्याचं, हे मानूस पाहून काढा लागते."

पुढं मी अकोल्यात बस्तान बसवलं आणि तुम्हाला तिकडे नेलं. तोवर तुमचं पाठांतर विरायला लागलं होतं. एकदा एक बाई तापलेलं तान्हं घेऊन आली. तुम्ही नाडी पाहिलीत, दूध पितं का विचारलंत, औषधही नेमकं सांगितलंत, आणि मात्रेपाशी थांबलात. ओसरीवर माणसं बसलेली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.

"मलेही आठवत नाही, बाबा," मी म्हणालो. "पोथी पाहतो."

पोथी आणून ओळीवर बोट ठेवलं. तुम्ही वाचलंत, तान्ह्याकडे एकवार पाहिलंत आणि मात्रा थोडी कमी केलीत. बाई गेल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "बरं झालं. पाठांतराच्या भरोशावर नाही राहिला तू."

हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून सांगतो. त्या दिवशीही मला पाठ होतं, बाबा. ती शाबासकी मी तशीच ठेवून घेतली.