भिंत अजून तुझ्या नावावर

प्रिय बूबाकार,

पूर्वेच्या भिंतीची माती आता थेट भाताच्या परातीत पडते. बाबा ती बोटानं बाजूला सारतात आणि जेवत राहतात. मी मात्र घास खाली ठेवते. उठते, भेगेत हात घालून बघते, परत येऊन बसते. पाऊस जवळ आलाय.

मशिदीचं लिंपण यंदा वेळेवर झालं. पोरांनी चिखल तुडवला, आम्ही पाणी वाहिलं, आळ्या-आळ्यांची नेहमीसारखी शर्यत लागली. तुझे वडील चढायचे त्या मधल्या मनोऱ्यावर या वेळी गवंडी अलमामी होता. भिंतीतून बाहेर आलेल्या ताडाच्या दांडीवर तो उभा राहिला तसा खालून त्याच्या चेष्टेच्या नात्यातला एक म्हातारा ओरडला, “अरे चवळीखाऊ, जपून! तुझ्या वजनानं मशीद बसेल!” अलमामी वरून म्हणाला, “आजोबा, तुमच्याच घरची चवळी ती!” सगळं जेन्ने गाव हसलं. मीही हसले. बामाकोत सिमेंटच्या इमारतींवर तुला असं कुणी चिडवतं का?

दुसऱ्या दिवशी बाबा गवंड्यांच्या बैठकीत गेले. थोरले गवंडी म्हणाले, “ते घर लिंपायचा हक्क बूबाकारच्या घराण्याचा. त्याच्या पणजोबांनी पायाभरणीत मंत्र घातलेत. त्यानं सोडल्याशिवाय आम्ही कोण हात लावणार?” बाबा चिडले. “अहो, घर माझं आहे!” “घर तुमचंच, दादा. भिंती त्याच्या.” बाबा तसेच परत आले. तुझ्या वडिलांना जाऊन तीन पावसाळे झाले. तू आला नाहीस, आणि सोडलं असंही म्हणाला नाहीस.

आपल्याकडे सांगतात, जुनी मशीद कुणी पाडलीच नाही. छताची पन्हळं बुजवली आणि पावसानं मशीद ढासळायची वाट पाहिली. गप्प राहणंही तसंच असतं, असं हल्ली वाटतं.

सोमवारच्या बाजारात अलमामीची आई भेटली. मासे निवडता निवडता म्हणाली, “आम्ही मागणीची कोलाफळं घेऊन कधीच आलो असतो गं. पण माझा वेडा म्हणतो, ज्या घराच्या भिंतीला हात लावता येत नाही, तिथली मुलगी कशी मागू? आधी बूबाकारला विचारा.” माझे कान तापले. तू जाताना मला काही बोलला नव्हतास, बूबाकार. मीही नाही. तरी साऱ्या गावानं मला त्या भिंतीबरोबर तुझ्यासाठी राखून ठेवलंय.

म्हणून लिहिते आहे. पावसाआधी थापी घेऊन ये, नाहीतर बैठकीला निरोप पाठव की घर सोडलं. निरोपात माझं नाव नको. ते तुला सोडावं लागणार नाही. अलमामीला मी काल स्वतः सांगितलंय, कोला घेऊन ये. भिंत उभी असो की पडलेली.

तुझी बालमैत्रीण,
फान्ता