गोधडीचं टोपडं

ता. ५ जानेवारी ६८, शुक्रवार
आज डोळ्यांचं पारणं फिटलं. माझा नातू युसूफ अमेरिकनांच्यात त्यांचा तो फुटबॉल खेळला. ते इथे आखातात तेल काढायला आलेत, आमचा यु. त्यांच्या गोदामात कारकून. एक गडी कमी पडला, याची उंची बघितली, घेतला. बकऱ्याचा पाया नि तांदळाची भाकरी उगाच नाही चारली वीस वर्षं. वाळूत दोऱ्या लावून मैदान. मी जीपमध्ये बसून बघितलं. चेंडू सोललेल्या नारळासारखा, पण चेंडूकडे बघतो कोण, माणसं माणसांवरच पडतात. एकाचं नाक बसलं. एकाचे दोन दात पडले, तो रांगत वाळूत शोधत होता. खांद्यांना गाद्या, डोक्याला टोप, सगळे सजवलेले बैल. आमचे हे असते (अल्ला बख्शे) तर उतरलेच असते. बंदरावर एका वल्ह्याने चौघांना लोळवलेला माणूस. त्यातला एक मग आमच्याच लग्नात जेवून गेला, ते असो. यु. जिंकला. कपाळाला बटाट्याएवढं टेंगूळ. हळद लावली. सून जैबुन, यु.ची आई, दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

७ जाने., रवि.
टोप आतून बघितला. नुसत्या पट्ट्या. अशाने काय होणार. माझ्या जुन्या लुगड्यांची गोधडी उसवली, आठ पदरी टोपडं शिवलं, मध्ये कापूस, कानांवरून खाली. यु. चाळीस दिवसांचा असताना शिवलं होतं तोच बेत, फक्त झालर नाही. सुईत दोरा जै.ने ओवला, तोंड फिरवून. टोपात चपखल बसलं. यु.ने टोप चढवून भिंतीवर डोकं आपटलं. म्हणतो, "दादी, कळतसुद्धा नाही." दोघं हसलो. भिंतीचा गिलावा पडला.

१२, शुक्र.
काय लिहू नि काय नको. आधी यु. मान वळवून खांदा घालायचा. आज सरळ डोकं. एडकाच. समोर नवीन आलेला एक, दारात उभा राहिला तर घरात अंधार होईल असा. यांचा कप्तान बिल म्हणतो (यु.ने सांगितलं) की दर खेपेला आधीच्यापेक्षा दांडगे येतात, एकेकाळी मी सगळ्यांत मोठा होतो, आता यांच्या सावलीत बसतो. त्या पहाडाच्या छातीत यु.ने डोकं घातलं. वाळकं लाकूड मोडावं तसा बरगडीचा आवाज जीपपर्यंत आला. परत उठला तर परत घातलं, या वेळी टोपावर टोप. तो आडवा. डोळे उघडे, पाय झटकतोय. उचलून नेला. मी "यल्ला युसूफ, चल" म्हणून उभी राहिले होते, बाजूच्या मडमेने हात धरून खाली बसवलं. जरा लाजले. जराच. तो शुद्धीवर आला म्हणतात. बिलने आणखी दहा टोपडी सांगितली आहेत. माझ्या हातची!

१३, शनि.
यु.ला आज रजा. दोनदा जेवला. दुपारी जेवून ताटसुद्धा स्वतः धुतलं. तासाभराने परत येऊन बसला, म्हणे अजून जेवलो नाही. मी खुशीत चार भाकऱ्या टाकल्या. त्या पहाडांसारखं व्हायचं तर असंच खायला हवं. जै. पदर तोंडाला लावून बघत राहिली. नजर लागते, म्हणून तिला आत पाठवलं. दोन टोपडी पुरी.

१७, बुध.
यु. संध्याकाळी वेळेवर आला नाही. खाडीपार नेणारा अब्रावाला हात धरून घेऊन आला. म्हणाला, चार वेळा खाडीच्या इकडून तिकडे झालं, हा होडीतून उतरतच नाही, विचारलं तर हसतो. मी म्हटलं थकला असेल. जै.ने फळीवरचा नारळ घेतला, नव्या टोपड्यात घट्ट गुंडाळला नि माझ्या कानाशी हलवला.
"आई, कवटी फुटत नाही हो तुमच्या टोपड्यात. पाणी ऐका."
ऐकलं.
तिसरं टोपडं अर्धंच ठेवलं. बिलला काय सांगायचं ते

१८, गुरु.
यु. आज चांगला आहे. सगळ्यांची नावं बरोबर घेतली, मी मुद्दाम विचारली. रत्नागिरीच्या आत्याचंसुद्धा. उद्या खेळणारच म्हणतो. टोपडं आहे ना दादी, मग कशाला घाबरतेस. मीच सांगितलं होतं त्याला, हे घाल नि घाबरू नकोस.

१९, शुक्र.
दुपार कलली, असरची नमाज झाली. बिलची जीप बाहेर भोंगा वाजवते आहे. यु.ने पेटी उपसली, गाद्या झटकल्या, जै.ची भांडी हलवली. मला विचारलं, "दादी, माझं टोपडं बघितलंस?" नाही म्हटलं. सत्तर वर्षांत नमाजेनंतर लगेच खोटं बोलले नव्हते. जै. चुलीशी आहे, मान वर करत नाही, पण तिने बघितलंय.
मी टोपड्यावरच बसले आहे. बसून लिहिते आहे, म्हणजे उठावं लागत नाही.
भोंगा परत वाजला. यु. दारापर्यंत गेला, थांबला, माझ्याकडे आला. हसून विचारतो, "दादी, माझं टोपडं बघितलंस?" जसं पहिल्यांदाच.