कुसुमताईंना बर्फात ओलांडलं

१० जानेवारी, शनिवार

सगळ्यांच्या आधी आल्या त्या कुसुमताईच. मुलगा-सून मागे गाडीतून सामान काढतायत, आणि या एकट्या बर्फातून सावरत सावरत थेट आमच्या स्वैपाकघराच्या दारात. म्हणाल्या, फोडणीचा वास आला, म्हणून इकडेच वळले. नागपूरच्या आहेत. टोकियोत तोयोसुला मुलाकडे आल्यात, चोविसाव्या मजल्यावर. वरून माणसं मुंग्यांएवढी दिसतात आणि बोलायला ती मुंगीसुद्धा नाही, म्हणे.

माझ्या लेकाने, विजूने टोकियोतली नोकरी सोडून या डोंगरात पाहुण्यांसाठी सहा खोल्यांचं घर चालवायला घेतलं, तेव्हापासून माझा हा चौथा हिवाळा. पाहुणे खूप येतात, पण सगळे तरुण. बर्फावर घसरतात, जेवतात, झोपतात. माझ्या वयाचं, आपल्या बोलीचं माणूस या घरात पहिल्यांदाच आलं.

संध्याकाळी भाकरी मी थापायची, बोलायचं त्यांनी. मग त्या थापायला बसल्या आणि मी बोलत सुटले. एवढं हसायला काय झालं ते बघायला त्यांची सूनबाई दोनदा डोकावून गेली. भाकरी दोन करपल्या. करपू देत.

११ जानेवारी, रविवार

खूप लिहायचंय पण हात दुखतायत. पाय पण. आणि जिथलं सांगू नये तिथलं पण.

सकाळी कु.ताईंचा निखिल म्हणाला, आई, तू आत हीटरपाशी बस, आम्ही स्की करून येतो. कु.ताईंचं तोंड एवढंसं झालं. मग म्हणाल्या, शेवंताताई येत असतील तर मीही शिकणार. आता मी कशाला? इतके हिवाळे खिडकीतून बघितलं, त्या फळ्या पायाला कधी लावल्या नाहीत. पण मनात आलं, या बाहेर गेल्या की दिवसभर परत मी आणि खिडकी. येते म्हणून टाकलं. विजूचा चहाचा कप तोंडापाशीच राहिला.

शिकवायला आमची ओवी, विजूची लेक. सोळा वर्षांची, सुट्टीच्या दिवशी नवख्यांच्या उतारावर लहान पोरांना शिकवते. मी मराठीत विचारायचं, तिने जपानीत उत्तर द्यायचं, अशी आमची गाडी चालते. आज पण सारखं "दाइजोबु, दाइजोबु", म्हणजे काही होत नाही. बूट कसले, पायाला जाती बांधल्यासारखे. फळ्यांची पुढची टोकं जवळ, टाचा लांब, गुडघे वाकवायचे, की वेग आवरतो. हे जमलं. वर चढणं जमेना. उताराला आडवं उभं राहून जिना चढल्यासारखी एकेक फळी वर टाकत जायचं. मी एक पाऊल वर, दोन खाली. ओवीने शेवटी नाद सोडला आणि सरकत्या पट्ट्यावर उभं केलं. तो आपला आपण वर नेतो.

तेवढ्यात कु.ताई पडल्या. लागलं नाही, नुसत्या आडव्या पसरल्या. मी वरून हळूहळू त्यांच्यापाशी गेले, कशीबशी थांबले. हात द्यायला पलीकडून बरं पडेल असं वाटलं, म्हणून एक फळी त्यांच्या पायांवरून पलीकडे टाकली, दुसरी मागोमाग ओढली, आणि तशीच घसरत गेले खालपर्यंत.

खाली थांबल्यावर डोक्यात लख्ख झालं. मी पडलेल्या माणसाला ओलांडलं. लहानपणी आई यासाठी मागे वळवायची, उलटं ओलांडून ये, मग जा खेळायला.

ओवी हाताने सांगत होती, तिथेच थांब. निखिल धावत आला आईला उठवायला. कु.ताईंनी त्याला हात लावू दिला नाही.

"आधी तिला उलटं ओलांडू दे. नाहीतर माझी उंची खुंटेल, आणि मला अजून वाढायचंय."

निखिल म्हणे, आई, लोक बघतायत. बघू देत म्हणाल्या, आणि गादीवर पडावं तशा बर्फात पडून राहिल्या. शेजारून एवढीएवढी जपानी पोरं सुळकन जात होती.

मग काय. मी आडवी उभी राहिले. वरची फळी टाकली, दाबली, खालची जवळ आणली. परत तेच. कु.ताईंच्या लाल टोपीवरून नजर काढली नाही. किती वेळ लागला देव जाणे. पोचले, पलीकडून अलीकडे एकेक पाय टाकला आणि त्यांच्या शेजारीच धपकन बसले.

ओवी आली. माझ्या पाठीवरचा बर्फ झटकत म्हणाली, "आजी, तू चढलीस."

मराठीत. वाटलं, आता मी बोलले तर परत जपानीवर जाईल.

आणि कु.ताई म्हणाल्या, "शेवंते, आता उठव मला." सकाळपर्यंत मी शेवंताताई होते.

१२ जानेवारी, सोमवार

गेले सगळे. घर मोठं झालंय.

डबा भरताना कुसुमने सांगितलं, फेब्रुवारीअखेरचं नागपूरचं तिकीट काढलंय. परत यायचं नाही. मुलगा-सून चांगले आहेत गं, पण दिवस जात नाही तिथे. राहा म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं. आपण कोण सांगणार? शेंगदाण्याची चटणी जरा जास्तच भरली डब्यात.

गाडीत बसल्यावर तिने काच खाली केली. बर्फ कधीपर्यंत असतो इथे? मी ओवीकडे बघितलं. ओवी म्हणाली, मार्चअखेर. कुसुमने निखिलकडे बघितलं. तो नुसता हसला.

१५ जानेवारी, गुरुवार

कुसुमचा फोन. तिकीट अजून तेच आहे, पुढे ढकलायचंय पण निखिलला ऑफिसच्या कामातून मान वर करायला वेळ नाही. पण इकडे यायचा दिवस मात्र तिने ठरवलाय, सगळ्यांना घेऊन येते म्हणाली. तोवर मी वळायला शिकून ठेवायचं, असा हुकूम. संध्याकाळी ओवीला विचारलं, शिकवशील का? "हाय" म्हणाली, म्हणजे हो.

येणार तो दिवस: २० मार्च, शुक्रवार. मुक्काम किती, ते विचारायचं राहिलं.