एक लाख एकोणसत्तर

अण्णा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातंय!

दहावीनंतर मला सायन्सला घालायचं की कॉमर्सला, हे तुम्ही एका गणितावर ठरवलंत. खोपटच्या एसटी डेपोतून घरी आलात, बूटसुद्धा काढले नव्हतेत, आणि तोंडी एक संख्या घातलीत. मूळ आहे की नाही, सांग म्हणालात. कळव्याच्या त्या दीड खोलीत मी ओट्याशी फतकल मारून बसलेय, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला १,००,०६९ लिहिलंय आणि भाग घालत सुटलेय. तीनने जात नाही. सातने चार उरतात. एकतीसने एक उरतो, नुसता एक, जीव नुसता वर-खाली. तीनशे तेरापर्यंत गेले, कारण तीनशे सतराचा वर्ग त्या संख्येच्या पुढे जातो, मग बघायला काही राहत नाही. पासष्ट भागाकार. आई भाकऱ्या थापताना दोनदा म्हणाली, अगं, आधी जेवून घे. मी जेवले नाही. मूळ आहे, म्हणून सांगितलं.

तुम्ही कागदाकडे ढुंकूनही बघितलं नाहीत. "अंकांची बेरीज पंधरा. तीनने भाग जातो. एवढंही दिसत नाही?" मी म्हटलं, बेरीज सोळा होते, तुम्ही एकोणसत्तर म्हणालात. तुम्ही म्हणालात, एकोणसाठ. आपले हे एकोणचे आकडे, भल्याभल्यांची त्यात गाळण उडते, पण तुमचं कधी चुकणार थोडंच! "जिला नीट ऐकू येत नाही ती गणित काय करणार? कॉमर्सला जा."

गेले. बीकॉम झाले आणि घोडबंदर रोडच्या ऑफिसात जन्मभर दुसऱ्यांची पत्रं टाइप केली. आई शेवटपर्यंत सांगायची, ह्यांचंच चुकलं, मी ऐकलं ना. तिने काही ऐकलं नव्हतं. मीच तिला सांगून सांगून पटवलेलं.

परवा मोबाइलवर तपासलं. एक लाख एकोणसत्तर मूळच आहे. पंधरा वर्षांच्या पोरीने हाताने केलेले पासष्ट भागाकार, आणि शेवटचं उत्तर बिनचूक. कागद नुसता हातात घेतला असतात तरी तुम्हाला कळलं असतं घरात काय बसलंय ते. हे मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही.

हे पाठवायचं तरी कुठे, फाडूनच टाकणार आहे, म्हणून लिहिते. तुम्ही एकोणसाठच म्हणाला होतात. मी नीट ऐकलं होतं. मला, मला तुम्ही तीनने जाणारी संख्या घालता, याचा इतका संताप आला की मी माझ्या मनानेच साठचं सत्तर केलं.