व्हायोलिनचं तिसरं पान

४ मार्च, मंगळवार
करायला नको होतं, पण केलं. ताईच्या व्हायोलिनच्या कागदांत एक पान घुसडलं.

चूक त्या कागदांचीच. वाद्यवृंदाच्या दाढीवाल्या सरांनी एकट्या व्हायोलिनसाठी नवीन रचना केलीय—सूरबीर काही लिहिलेले नाहीत, नुसत्या रेघा, ठिपके, कोळ्याची जाळी. बाजूला सूचना : 'लाकडावर टिचक्या मारा.' म्हटलं, हे तर मलाही येतं. दुपारी पप्पा घोरत होते. समोर बसलो. घोरणं चढलं की रेघ वर, उतरलं की खाली. श्वास अडकतो तिथे मोठा ठिपका. शेवटी शिट्टी. झालं पान तीन.

६ मार्च
ताई ते वाजवतेय! तेही गंभीर चेहऱ्याने. मी तोंडात उशी कोंबून हसलो.

९ मार्च
आता हसू येत नाही. आई म्हणाली, वाद्यवृंदात एकच जागा आहे आणि निवड याच रचनेवर, सगळ्यांसमोर. ऐकायला दाढीवाले सर स्वतः. पान काढायला गेलो तर ताई म्हणाली, "कागदांना हात लावलास तर तंगडं मोडीन." झालं. मेलो.

१२ मार्च
जिंकलो! म्हणजे ताई जिंकली.

तिसऱ्या पानावर तिने गज असा ओढला की भिंती घोरायला लागल्या. मग तो अडकलेला श्वास—अख्ख्या सभागृहाने आपला रोखून धरला. शिट्टी आली आणि पप्पा रुमाल शोधायला लागले. "फार ओळखीचं वाटलं रे. पोरीने काळजाला हात घातला." पलीकडे आई उगीचच खोकत होती.

सर उठले. मी खुर्चीत खाली सरकलो. म्हणाले, "तिसरं पान कुठल्या तंद्रीत लिहिलं, आठवत नाही. पण अख्ख्या रचनेत खरं तेवढंच." जागा ताईला. टाळ्या थांबेनात.

१३ मार्च
ताईने कान पिळला. "पप्पांचं घोरणं मला ओळखू येणार नाही होय रे? दोन ओळींतच कळलं."
"मग वाजवलंस कशाला?"
"बाकीच्या पानांत कुणी श्वासच घेत नव्हतं."

म्हणजे सगळं माहीत असून ही बया माझ्या पानावर जागा पणाला लावून बसली होती.

वही, पाया पडतो, कुणाला बोलू नकोस. सरांना नाही. आणि पप्पांना तर मुळीच नाही—ते सकाळपासून दारोदार सांगत फिरतायत, तिसऱ्या पानाने माणूस रडतो म्हणून.