खिडकी बंद होती आणि पडदा हलला

बूडोच्या धक्क्यावरून,
सोमवार, दुपारच्या जेवणानंतर

आदरणीय आस्लाउगमावशी यांना,

बर्गनच्या हाल्वरचा (म्हणजे तुमच्या भाचीच्या, तोरिलच्या नवऱ्याचा, भूगोलाचा मास्तर तो) वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, तुमच्या मेंढ्या आणि तुमचा राग, तिघांची प्रकृती कशी आहे? पहिल्या दोघांना आराम पडो, एवढीच प्रार्थना. तिसऱ्याबद्दल खाली सविस्तर लिहितो आहे. फोनच करणार होतो, पण गेली दहा वर्षं आमचं नाव ऐकलं की तुम्ही रिसीव्हर ठेवता. पत्राचं तसं नाही. टपालबोटीने आलेलं पाकीट परत पाठवायचं तर पुन्हा धक्क्यापर्यंत चालत जावं लागतं, आणि या बाबतीत तुमचा गुडघा माझ्या बाजूने असेल असा माझा अंदाज आहे.

आमच्या सासूबाईंना, म्हणजे तुमच्या धाकट्या बहिणीला, गुन्वोरला, या महिन्यात पंचाहत्तर पूर्ण झाली. (तारीख तुम्हाला ठाऊक असणारच. कार्ड आलं नाही, तेही ठाऊक असणार.) तोरिलने विचारलं, आई, तुला काय हवं? आम्हाला वाटलं, लोकर मागतील, फार तर नवी खुर्ची. त्या म्हणाल्या, किनाऱ्याची बोट. वरच्या टोकापर्यंत आणि परत, सगळ्यांनी मिळून. केबिन उजव्या बाजूची. ज्या बाईने उभ्या आयुष्यात त्या बोटीला 'जर्मनांची तरंगती खानावळ' याखेरीज दुसरं नाव दिलं नाही, तिने हे मागावं! उजवीच बाजू का, असं मी विचारलं. "डोंगर त्या बाजूने चांगले दिसतात," म्हणाल्या. मावशी, मी एकवीस वर्षं मुलांना हा किनारा शिकवतो आहे. जाताना उजवीकडून डोंगर चांगले दिसतात हे खरं, पण तुमचं घरही उजवीकडेच येतं. छापील वेळापत्रकात तुमच्या खाडीपाशी 'रविवार, दुपारी चार' असं होतं आणि त्याच्याखाली पेन्सिलीची रेघ होती. ती रेघ माझी नव्हती. मी पट्टी वापरतो.

तेव्हा स्पष्टच लिहितो. सासूबाईंना तुम्हाला बघायचं होतं. बोटीवरून, लांबून, एकमेकींशी बोलावं न लागता, पण बघायचं होतं. आपल्याकडे किनाऱ्यावरची माणसं बोट जाताना दारात येऊन चादर हलवतात, बोट भोंगा देते, आणि दोन्हीकडच्यांना बरं वाटतं. एवढंच त्यांना हवं होतं. हे त्या कबूल करणार नाहीत. तुम्ही दोघी एकाच आईच्या लेकी आहात.

शुक्रवारी सकाळी आठला बोट सुटायची होती. आम्ही साडेसहालाच हजर. स्टाडच्या टोकाला वादळ आहे, बोट थांबेल, अशी घोषणा झाली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, साधारण दोन तास. मी खिशातलं वायुदाबमापक काढून (ते माझ्याकडे असतं) आजूबाजूच्या चौघांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, चार तास. सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. उभ्या बसच्या टपावर समुद्रपक्षी बसले होते, सगळे एकाच दिशेला तोंड करून. त्या म्हणाल्या, "तेरा. बूट काढा."

आणि मावशी, मग त्यांनी जे काही केलं ते मी शाळेत शिकवायला हवं. आमच्या बर्गनच्या माणसांची रीत तुम्हाला माहीत आहे. दोघांमध्ये एक खुर्ची रिकामी सोडून बसायचं आणि समोरच्या भिंतीशी मैत्री करायची. सासूबाईंनी तासाभरात सगळ्या खुर्च्या जोडून घेतल्या, का तर म्हाताऱ्यांना आडवं होता यावं. मग पिशवी उघडली. तिन्ही वेळचं जेवण बोटीवर होतं, तरी त्यांनी दोन दिवसांचे तपकिरी चीजचे पाव कागदात बांधून आणले होते. (यावरून मी घरी त्यांची थट्टा केली होती. मी चार खाल्ले.) एक जर्मन गृहस्थ काउंटरपाशी हात उडवून भांडत होते. सासूबाई उठल्या, त्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या दोन्ही हातांवर लोकरीची लड चढवली. लड धरलेल्या माणसाला हातवारे करता येत नाहीत, आणि हातवारे करता येत नसले की भांडणातला दमच जातो. तीन लडींचे गुंडे झाले, तेव्हा त्या गृहस्थांनीच चौथी आहे का म्हणून विचारलं. काउंटरवरची मुलगी जवळजवळ रडकुंडीला आली होती, ती येऊन सासूबाईंच्या शेजारी बसली आणि तिथूनच घोषणा करू लागली.

बोट रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी सुटली. तेरा तास दहा मिनिटं! मी टोपी काढून अभिनंदन केलं, तर म्हणाल्या, "वरची दहा मिनिटं धक्क्यावर दोर सोडणाऱ्या त्या माणसाने घालवली."

पण एक गोष्ट फक्त मी पाहिली. 'तेरा' म्हणून झाल्यावर त्यांनी हळूच वेळापत्रक काढलं आणि रविवार दुपारच्या चारमध्ये पेन्सिलीने तेरा मिळवले. उत्तर आलं, सोमवार, पहाटे पाच. "पाचला कोण उभं राहणार," असं त्या खिडकीच्या काचेला म्हणाल्या. नंतर दोन तास विणत होत्या, आणि टाके गळत होते. आमच्या सिल्येने (पंधरा वर्षांची झाली, तुम्ही पाहिलंत तेव्हा पाचची होती) काही न बोलता ते उसवून पुन्हा सुईवर चढवून दिले. तोरिलने तिथूनच तुम्हाला फोन लावला होता. तुम्ही ठेवलात. आईला तिने सांगितलं की लाइन लागत नाही.

आता मुल्टेच्या विषयाकडे यायलाच हवं. त्या पिवळ्या फळांपायी या देशात सख्खे शेजारी बोलायचे थांबतात हे मला मान्य आहे. तुमच्या आईने शेवटच्या दुखण्यात ही फळं लागतात ती दलदलीतली जागा तुम्हा दोघींना सांगितली, तुमच्या भावाला सांगितली नाही. (तो पितो, आणि प्यायला की बोलतो, असं कारण होतं. ते बरोबरच होतं.) मग दहा वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये तुम्ही बादली घेऊन तिथे पोचलात, तर पलीकडच्या गावचा दातांचा डॉक्टर, त्याची बायको, दोन मेव्हणे आणि त्यांच्या सहा बादल्या! तुम्ही हिशेब केलात: जागा दोघींना माहीत, मी सांगितली नाही, म्हणजे गुन्वोरने सांगितली. गणित अगदी सरळ आहे. गणिताच्या मास्तरने पूर्ण गुण दिले असते. सासूबाई एकदाच म्हणाल्या, "मी नाही सांगितलं." तुम्ही विचारलंत, मग कोणी? त्यावर त्या गप्प बसल्या, त्या आजतागायत. तेवढं सोडलं तर तुमच्याविरुद्ध एक अक्षर त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. उलट घरी कॉफी पातळ झाली की "आस्लाउगच्या हातची कॉफी प्या एकदा" असं आम्हाला ऐकवतात.

तर आज पहाटे. काल संध्याकाळीच सासूबाई कप्तानाच्या दारावर गेल्या होत्या. 'प्रवाशांना मनाई' अशी पाटी आहे. ती त्यांनी वाचली आणि दार वाजवलं. (मी मागे उभा होतो, सुटकेला सोयीस्कर अंतरावर.) भोंगा चालतो का, असं विचारलं. कप्तान म्हणाला, "चालतो, पण आजी, पहाटे पाचला नाही वाजवता येत. लोक झोपलेले असतात."

"झोपून काय दिसणार आहे त्यांना? त्यासाठी का एवढ्या लांबून आलेत?"

"नियम आहे हो."

"माझी बहीण राहते तिथे," सासूबाई म्हणाल्या. "दहा वर्षं झाली."

कप्तान म्हणाला, त्याचा एक भाऊ स्टावांगरला असतो. बस, तेवढंच, आणि दार लावून घेतलं.

साडेचारला आम्ही सगळे डेकवर. लख्ख उजेड, आणि नाक गळून पडेल अशी थंडी. सासूबाईंनी निळा कोट घातला होता, चांदीचा बिल्ला लावला होता, आणि काखेत स्वतःच्या अंथरुणावरची चादर होती. बोटीचं नाव छापलेली. तुमचं टोक दिसायला लागलं आणि पाचच्या ठोक्याला भोंगा वाजला. एकच, पण असा लांबलचक की अर्धी बोट झोपेच्या कपड्यांत बाहेर आली. त्यांत ते लोकरवाले जर्मनही होते. सासूबाईंची ती एवढीशी उंची आणि ती एवढी मोठी चादर पाहून त्यांनी काही न विचारता दुसरं टोक धरलं. किनाऱ्यावरच्यांनी बोटीला चादर हलवायची, हे जग जाणतं. बोटीवरून किनाऱ्याला चादर हलवणारी बाई मी आज पहिल्यांदा पाहिली.

तुमचं घर समोरून गेलं. पडदे ओढलेले. दारात कोणी नाही. टोक मागे पडेपर्यंत त्या चादर हलवत राहिल्या. मग तिची चार पदरी घडी केली आणि आम्हाला म्हणाल्या, "झोपली असेल. पहाटे उठायचा तिला पहिल्यापासून कंटाळा."

मावशी, तुम्ही चाळीस वर्षं पहाटे साडेचारला गाई पिळल्यात. हे त्यांना माहीत नाही होय? मला रुमाल काढावा लागला, खोटं कशाला सांगू. थंडीमुळे असेल असं मी तोरिलला सांगितलं.

पण माझ्याकडे दुर्बीण होती. वरच्या मजल्यावर, डावीकडची खिडकी. पडदा हलला. तोरिल म्हणते, वारा. मावशी, खिडकी बंद होती.

सासूबाईंना हे मी सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते तुमच्यावर आहे.

बाकी सर्व क्षेम. तोरिलला बोट लागली होती, आता उतार आहे. सासूबाई सध्या कप्तानाच्या स्वेटरसाठी छातीचं माप घेत आहेत. मेंढ्यांना आमची आठवण सांगा. लहानतोंडी मोठा घास घेतला असेल तर पोटात घालावं.

आपला, नात्याने जवळचा आणि बोट सुटली की तासाला पंधरा मैल दूर जाणारा,
हाल्वर

ता. क. परतताना बोट तुमच्या टोकावरून येत्या रविवारी सकाळी साडेदहाला जाईल. हवामान चांगलं आहे, असं सासूबाई म्हणतात, म्हणजे आहेच. चादर कोणतीही चालेल. इस्त्रीची गरज नाही.

आणखी एक. हे मी वर लिहिणार होतो, पण तेव्हा कपाटापाशी कोणीतरी काहीतरी पाडलं आणि राहून गेलं. (कोणी काही पाडलं नाही.) दहा वर्षांपूर्वीच्या त्याच ऑगस्टमध्ये, तुमच्या भांडणाच्या आधी, आम्ही तुमच्याकडे राहिलो होतो. सासूबाई एका सकाळी सातला बादली घेऊन गेल्या आणि साडेदहाला आल्या. बुटांना काळा चिखल होता आणि बादलीत उत्तरेच्या उतारावर वाढणाऱ्या झुडपाची एक डहाळी अडकली होती. चालण्याचा वेग मला माहीत होता. जागा मला कोणी सांगितली नाही, मावशी. मी ती काढली. दुपारी जाऊन खात्री करून आलो, एक फळही तोडलं नाही. दोन दिवसांनी तुमच्याच वाळवलेल्या माशावर माझा दात तुटला. पलीकडच्या गावच्या डॉक्टरने सुई टोचली आणि सहज विचारलं, यंदा मुल्टे कुठे चांगली आहेत? माझं तोंड बधिर होतं, एक शब्द बोलता येत नव्हता. तिथेच सुटलो असतो. पण भूगोलाच्या माणसाला कोणी 'कुठे' म्हणून विचारलं की त्याचा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. मी त्याच्या कार्डाच्या पाठीवर नकाशा काढून दिला. उत्तर दिशेच्या बाणासह. प्रमाणासह.

सासूबाईंना हे दहा वर्षं ठाऊक आहे. तुमचं भांडण झालं त्याच आठवड्यात त्या दातांच्या डॉक्टरकडे गेल्या, खुर्चीत बसून एक धडधाकट दात तपासून घेतला आणि ते कार्ड मागून आणलं. शुक्रवारी बोटीची वाट बघताना पर्समध्ये खोकल्याची गोळी शोधता शोधता ते बाहेर आलं. मी पांढराफटक पडलो. का नाही सांगितलंत, असं विचारलं. म्हणाल्या, "तुझं नाव घेतलं असतं तर तिने तोरिलला दारात उभं केलं नसतं. माझ्यावर रुसली, ते मी निभावते. मी बहीण आहे तिची." मग कार्ड परत ठेवता ठेवता म्हणाल्या, "प्रमाण चुकलंय तुझं. ओढा इतका लांब नाही."

दहा वर्षं मला हे लिहायचा धीर झाला नाही. दोष माझा, सगळा. हे पत्र मी पाठवतो आहे, हे त्यांना माहीत नाही.

शेवटचं. परतीला तुमचं घर डाव्या हाताला येईल. त्या वेळी मी उजव्या डेकवर असेन, समुद्राकडे तोंड करून, तेव्हा माझ्यामुळे दारात यायला संकोच नको. भोंगा वाजला तरी मी वळून बघणार नाही. सासूबाई हसल्या की रडल्या, ते सिल्ये येऊन मला सांगेल.