मागच्या दाराचा चार्ज

बराकपूर,
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. चैत्राली हिस बाबाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत. थंडी आहे, म्हणजे इथल्या लोकांच्या मते आहे. माकडटोप्या निघाल्या आहेत. आईने संक्रांतीसाठी इथल्या खजुराच्या गुळाचा तिळगूळ करायचा घाट घातला. वड्या काही पडल्या नाहीत. आता ते प्रकरण डब्यात आहे आणि चमच्याने खायचं आहे. तुला पार्सल करणार होती, मी वाचवलं.

तुझ्या कॉलेजचा अभ्यासही अजबच. घरात मराठी म्हणूनच वापरला जाणारा एक इंग्रजी शब्द निवडायचा, घरच्या मोठ्या माणसाकडून त्याचे अर्थ हाताने लिहून आणायचे आणि मग तुम्ही त्याचं कूळ शोधायचं. फोनवर सांगितलेलं चालत नाही म्हणे. बरं बाई. आईने ‘टेन्शन’ सुचवला. मी म्हटलं, आपल्या घराचा शब्द एकच, चार्ज.

मोबाईलचा चार्ज संपतो. टॅक्सीवाला जास्त चार्ज करतो. आई पुण्याला येते तेव्हा स्वयंपाकघराचा चार्ज माझ्याकडे असतो आणि ती परतेपर्यंत दोन-तीन पातेली जळतात. नागपूरहून भोपाळला बदली झाली तेव्हा सामानाच्या बत्तीस नगांचा चार्ज तुझ्याकडे होता. नऊ वर्षांची होतीस. ट्रकवाल्याकडून तू सगळे नग दोनदा मोजून घेतलेस. शेवटी तो तुला मॅडम म्हणायला लागला.

आणि मग ऑफिसचा चार्ज. कार्यभार हा शब्द फक्त कागदावर असतो, तोंडात कुणाच्या येत नाही. जुना अधिकारी चार्ज देतो, नवा घेतो, दोघं चार्ज रिपोर्टवर सह्या करतात आणि तेव्हापासून तिथली खुर्ची, कपाटं, चाव्या, माणसं सगळं नव्याचं. गेल्या जूनमध्ये एस्प्लनेडच्या या ऑफिसचा चार्ज मला बोरकरांनी दिला. श्यामसुंदर बोरकर, तू पाहिलेले नाहीस, नागपूरचे. बंगाली ऑफिसात अचानक मराठी बोलणारा माणूस समोर आला की काय होतं ते तुला माहीत आहे. वहिनींनी डब्यात पाटवड्या दिल्या होत्या. पाटवड्या संपायच्या आत चार्ज देऊन-घेऊन झाला. इतक्या झटपट चार्ज घेतलेला अधिकारी आमच्या खात्यात दुसरा नसेल.

रेकॉर्ड रूममधल्या आगीचं आईने तुला सांगितलंच आहे. निमाई हालदार गेला. पूजेच्या सुट्टीत तू ऑफिसात आली होतीस तेव्हा ज्याने तुला शंभर वर्षांपूर्वीची रजिस्टरं काढून दाखवली, तोच. १८ डिसेंबरला दुपारी वायरिंगमध्ये काहीतरी झालं. पुढच्या दाराशी धूर कोंडला म्हणून तो मागच्या दाराकडे गेला. ते बंद होतं. तिथेच सापडला. खात्याची चौकशी चालू आहे, माझा जबाब झाला. मागच्या दाराची चावी कुणाच्या चार्जमध्ये होती, तेवढंच त्यांनी विचारलं आणि निमाईच्या, तेवढंच मी सांगितलं. तू काळजी करू नकोस, माझ्यावर काही येत नाही.

तर चार्जचे अर्थ हे एवढे. एखादा राहिला असेल तर तुमच्या मॅडम भर घालतील. मेसचं जेवण आवडत नसलं तरी जेवत जा, आणि आईला रोज नाही तर एक दिवसाआड तरी फोन कर.

तुझा
बाबा


बराकपूर,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. चैत्राली,

हे पत्र कुणी मागितलेलं नाही. आई शेजारच्या चॅटर्जीबाईंबरोबर बाजारात गेली आहे. ती यायच्या आत लिहून पाकीट बंद करायचं आहे.

तुझं उत्तर येऊन दोन आठवडे झाले. आईने ते मला मोठ्याने वाचायला लावलं. चार्ज हा शब्द लॅटिनमधल्या दोनचाकी गाडीच्या नावावरून आला, गाडीवर माल लादणं हा त्याचा पहिला अर्थ, कार आणि कार्गोसुद्धा त्याच घराण्यातले. बंदुकीत दारू ठासणं हेही लादणंच, म्हणून तो चार्ज. मग बॅटरीत वीज भरणं. मग कुणावर आरोप ठेवणं. आई म्हणाली, बघा, पोरगी किती शिकली. तुझ्या शेवटच्या ओळीपर्यंत मी आलो आणि ती वाचलीच नाही. कागदाची घडी घातली आणि म्हटलं, संपलं पत्र.

तू लिहिलं होतंस, “बाबा, चावी निमाईकाकांकडे होती, तर ते बंद दारापाशी कसे सापडले?”

चौकशी समितीत तीन अधिकारी आहेत. तिघांपैकी एकानेही हे विचारलं नाही. मी तर ते विचारायची वाटच बघत बसलो होतो.

चैत्राली, चावी नव्हतीच. हे निमाईलाही माहीत होतं, पण धुरातून जायला दुसरीकडे वाटच नव्हती.

जूनमध्ये बोरकरांनी माझ्यापुढे जी यादी ठेवली तिच्यात एकतीस चाव्या होत्या. सत्ताविसावी ओळ होती, रेकॉर्ड रूम, मागचं दार, चावी एक. शेवटच्या रकान्यात टाईप केलेलं होतं की दोन्ही दारं उघडून पाहिली. निमाई चाव्यांचा जुडगा हातात घेऊन माझ्या टेबलापाशी उभा होता. तो म्हणाला, “सार, एकबार देखे नेबेन ना?” एकदा बघून घेणार नाही का, असं. एवढं बंगाली मला पहिल्या दिवशीही समजलं. बोरकर मराठीत म्हणाले, “अहो, हा प्रत्येक नव्या साहेबाला हेच म्हणतो. साडेपाचला हावड्याहून गाडी आहे माझी. आपल्या माणसावर विश्वास नाही का?” मी हसलो. निमाईला मराठी येत नव्हतं, पण आम्ही दोघं हसतोय एवढं त्याला दिसलं. तो बाजूला झाला आणि मी सही केली.

समोर एखादा मुखर्जी किंवा सेन असता तर मी सगळी कुलपं उघडून बघितली असती. आजवरच्या प्रत्येक बदलीत बघितली आहेत. बोरकर आपले, म्हणून बघितली नाहीत.

अजून आहे. सप्टेंबरात निमाईने मला लेखी दिलं. तोडक्यामोडक्या इंग्रजीत, चार ओळी. मागच्या दाराची चावी कित्येक वर्षांपासून हरवलेली आहे, दारापुढे रॅक लावले आहेत, कुलूप तोडायची परवानगी मिळावी. कुलूप तोडायचं म्हणजे चार्ज रिपोर्टवरची माझी सही खोटी आहे हे मीच लिहून द्यायचं. मी त्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात ‘बघू’ असं लिहिलं आणि ती ड्रॉवरमध्ये ठेवली. आग लागल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती फाडली. घरी आणली नाही, ऑफिसातच फाडली आणि तुकडे खिशातून नेऊन सियालदह स्टेशनच्या कचराकुंडीत टाकले. असलं काही मला जमेल असं कधी वाटलं नव्हतं. अगदी सहज जमलं.

त्याच संध्याकाळी बोरकरांचा फोन आला. म्हणाले, “खांबेटे, चावी त्याच्याकडे होती म्हणा. रेकॉर्ड कीपर तो, चाव्या त्याच्याच चार्जमध्ये. तुम्ही वाचता, मी वाचतो, आणि गेलेल्या माणसाला आता काय फरक पडणार?” मला ते पटलं. तुला हे लिहिताना मेल्याहून मेल्यासारखं होतंय, पण तेव्हा पटलं.

फरक कुणाला पडतो ते मंगळवारी कळलं. निमाईची मुलगी तनुश्री आली होती. तुझ्याच वयाची आहे. वडिलांच्या जागी अनुकंपा नोकरीसाठी तिचा अर्ज आहे आणि तो माझ्या शेऱ्यानिशी वर जातो. शेरा बडेबाबूंनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कने, टाईप करून तयारच ठेवला होता, मृत्यू कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. हा शेरा गेला की अर्ज तिथेच मेला. तिची आई, शेफाली, बाहेर बाकावर बसली होती. आत यायला तयार नव्हती. मी तनुश्रीला खुर्ची दिली, चहा मागवला. ती भांडायला आली असती तर मी साहेबासारखा वागलो असतो, ते मला येतं. पण ती मला धीर द्यायला आल्यासारखी बोलत होती. “सार, बाबा आपनार कोथा खूब बोलतेन.” बाबा तुमच्याबद्दल फार बोलायचे. नवे साहेब चिठ्ठी ठेवून घेतात, परत करत नाहीत, म्हणजे काम होणार, असं त्याने घरी सांगितलं होतं.

मी तिला म्हटलं, बघू.

ती गेल्यावर मी त्या बाकावर जाऊन बसलो. शिपाई विचारायला आला, सार, शरीर खराब? हो म्हटलं. आईलाही पित्त झालंय असंच सांगितलं. ती बिचारी रोज ताक घुसळून देते आहे.

तुझा शब्द तेव्हापासून डोक्यात आहे. अठ्ठावीस वर्षं मी चार्ज ‘घेतला’ असं म्हणत आलो. प्रत्येक ठिकाणी घेतली ती खुर्ची. जे उचलायचं होतं ते निमाईने उचललं, आणि तो गेल्यावर माझंही मी त्याच्यावरच टाकलं, कारण तो आता नको म्हणू शकत नव्हता. मी खुनी नाही, असं मी स्वतःला रोज गाडीत सांगतो. सियालदह येईपर्यंत ते खरं वाटतं.

आता कामाचं. सोमवारी, १७ तारखेला सकाळी अकरा वाजता समितीची शेवटची बैठक आहे. जबाब बदलायचा आहे असा अर्ज मी लिहून ठेवला आहे. तो दिला तर निलंबन नक्की. पुढे खटला झाला तर तुरुंगही होईल. तुझं शिक्षण आई आणि मामा बघतील, तेवढं आहे. आईला मी अजून काहीच सांगितलेलं नाही. बैठकीच्या आदल्या दिवशी, रविवारी सांगेन.

पण मी माझी खात्री देत नाही. घरून निघताना ठरवलेलं मी ऑफिसच्या जिन्यापर्यंत टिकवू शकत नाही, हे दोन महिन्यांत चारदा झालं आहे. म्हणून हे पत्र. चिठ्ठी मी फाडली, बोरकर बोलणार नाहीत, निमाई नाही. खरं काय घडलं ते सांगणारा कागद आता हा एकच आहे. मंगळवारी संध्याकाळपर्यंत बदललेल्या जबाबाचा फोटो तुझ्या मोबाईलवर आला नाही, तर हे पत्र चौकशी अधिकाऱ्यांना पाठव. पत्ता पाठीमागे लिहिला आहे. एक प्रत तनुश्रीला दे. मी फोन करून रडेन, आईची शपथ घालेन, हे सगळं तापात लिहिलं होतं म्हणेन. ऐकू नकोस.

बापाने मुलीकडे असं काही मागू नये. दुसऱ्या कुणाकडे मागण्याइतकी माझी पत उरलेली नाही. आणि कुलूप असलेल्या दारासमोर उभी राहून तू पहिल्यांदा चावीच मागशील, हे मला माहीत आहे.

खाली नुसतं ‘बाबा’ लिहिलं तर ते कुठल्याही ऑफिसात चालणार नाही. म्हणून पूर्ण लिहितो.

वरील मजकूर मी माझ्या हाताने, कुणाच्याही दबावाशिवाय लिहिला असून तो पुन्हा वाचून पाहिला आहे. तो खरा आहे.

चारुदत्त गजानन खांबेटे
उपसंचालक